‘विषय सुटले की घरी सांगेन’

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘मॅडम, मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, ८७ टक्के मिळाले आणि पुण्यात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. डिप्लोमाला मी वर्गात पहिल्या तिघांत असायचो. इथे पहिल्याच सेमिस्टरला दोन विषय राहिले. दुसऱ्या सेमिस्टरला आईचे गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले, मी तीन आठवडे घरी होतो, इनसेम (सत्राच्या मधली परीक्षा) बुडाली आणि आणखी तीन विषय राहिले. एम-थ्री (गणित-३), सॉलिड मेकॅनिक्स, थर्मो, फ्लुइड आणि कायनेमॅटिक्स. निकाल लागला आणि वायडी (इयर डाउन) लागली, म्हणजे वर्ष गेले. घरी मात्र तिसऱ्या वर्षाला गेलो असे सांगितले आहे. अण्णांनी आईचे दागिने बँकेत ठेवून फीसाठी ४५ हजार पाठवले. त्यातले १४ हजार खोलीभाड्यात आणि मेसमध्ये गेले. रूम पार्टनर सकाळी कॉलेजला निघतात, मीही बॅग घेऊन निघतो आणि कुठेतरी बसून राहतो. रात्री तीन-चारपर्यंत झोप लागत नाही. हिवाळी परीक्षेत सगळे विषय काढायचे आणि मगच घरी सांगायचे असे ठरवले आहे, पण पुस्तक उघडले की डोक्यात काही शिरत नाही. हे सगळे सोडून एमपीएससी करावी का? कधी कधी वाटते, सकाळी जागच आली नाही तर बरे होईल. पोळ्याला घरी जायचे आहे. काय करू?’

प्रिय मित्रा,

तू विषयांबद्दल विचारले आहेस, घराबद्दल विचारले आहेस आणि एमपीएससीबद्दलही विचारले आहेस. परंतु सकाळी जाग न येण्याविषयीचे जे वाक्य तू जाता जाता लिहून पुढे गेला आहेस, त्यावर बोलल्याशिवाय मला दुसऱ्या कशावरही बोलता येणार नाही. मी तुला सरळच विचारते. ही नुसती थकव्यातून आलेली भावना आहे, की स्वतःचे आयुष्य संपवण्याचा विचार मनात येतो आहे, आणि ते कसे करावे याचाही विचार कधी झाला आहे? उत्तर दुसरे असेल, तर हे पत्र पुढे वाचण्याआधी १४४१६ हा क्रमांक लाव. ही ‘टेलि-मानस’ नावाची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र आणि विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन लावल्यावर त्या रात्री खोलीत एकटा राहू नकोस. रूम पार्टनरला उठवून ‘मला एकटे राहायची भीती वाटते आहे, माझ्याजवळ बस’ एवढेच म्हण आणि वेळ आलीच तर त्याला सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. झोपेतून उठवल्याबद्दल कोणताही मित्र रागावणार नाही.

उत्तर पहिले असले, म्हणजे हा केवळ येऊन जाणारा विचार असला, तरीही या आठवड्यात एखाद्या समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची भेट घेच, असे मी आग्रहाने सांगते. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करण्याचा मला अधिकार नाही. परंतु आठवडेच्या आठवडे झोप नसणे, वाचलेले डोक्यात न शिरणे, माणसे टाळणे आणि जगण्याचाच कंटाळा येणे ही लक्षणे एकत्र दिसली, की त्याला आळस म्हणत नाहीत. तो एक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत, तेव्हा तुझ्या महाविद्यालयात अशी व्यक्ती आहे का, याची आधी चौकशी कर. तिथे जायला संकोच वाटत असेल, तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि तो सरकारी असल्यामुळे खर्चाचे ओझे होणार नाही. तिथे गेल्याचे सगळ्यांना कळेल, ही भीती मनातून काढून टाक. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच दिलेला आहे.

आता तुझ्या बेताकडे वळते. आधी विषय काढायचे आणि मग घरी सांगायचे, हा बेत वरवर पाहता जबाबदार मुलाचा वाटतो. घरच्यांना वाईट बातमीसोबत चांगली बातमीही द्यावी, हा त्यामागचा हेतू मला समजतो. तरीही मी तुला हा क्रम उलटा करायला सांगणार आहे. आधी घरी सांग, मग अभ्यासाला बस. याचे कारण सत्य बोलण्याच्या थोरवीत शोधायला नको, ते तुझ्याच पत्रात आहे. तू सध्या दोन कामे करतो आहेस. एक काम अभ्यासाचे आहे आणि ते होत नाही. दुसरे काम तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असल्याचे भासवण्याचे आहे, आणि ते मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू आहे. सकाळी बॅग भरून निघायचे, दिवस कुठेतरी काढायचा, संध्याकाळी पार्टनरसमोर कॉलेजमधून आल्यासारखे वागायचे, रविवारी अण्णांचा फोन आला की न झालेल्या तासांची हकीकत सांगायची आणि गेल्या रविवारी काय सांगितले होते ते लक्षात ठेवायचे. एवढे केल्यावर विकलक समीकरणांसाठी डोके रिकामे राहील कसे? पुस्तक उघडल्यावर काही शिरत नाही, यात मला तरी नवल वाटत नाही.

दुसरे कारण पैशाचे आहे, आणि ते तुला कदाचित अधिक पटेल. वर्ष गेलेल्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षाची फी भरावी लागत नाही. राहिलेल्या विषयांचे परीक्षा अर्ज भरावे लागतात आणि त्यांचे शुल्क तुलनेने थोडे असते. म्हणजे ज्या फीसाठी आईचे दागिने बँकेत गेले, ती फी या वर्षी नाहीच. तुझ्या खात्यात उरलेले ३१ हजार रुपये या क्षणी कोणाच्याच उपयोगाचे नाहीत, आणि त्यावर बँकेचे व्याज मात्र चालू आहे. सोनेतारण कर्जात साधारणपणे मधेच काही रक्कम भरता येते आणि भरलेल्या रकमेवरचे व्याज तेथेच थांबते. तू डिसेंबरपर्यंत गप्प राहिलास, तर तोवरचे व्याज अण्णा भरतील आणि खात्यातले पैसेही मेसच्या बिलात हळूहळू विरघळून जातील. मग सांगायची वेळ येईल तेव्हा राहिलेल्या विषयांबरोबर संपलेल्या पैशांचाही हिशेब द्यावा लागेल. आज हिशेब देता येतो. १४ हजार कुठे गेले हे तुला माहीत आहे, ते एका कागदावर तारखेनिशी लिहून काढ आणि बाकीच्या रकमेला आता हात लावू नकोस.

तिसरे कारण हे, की सगळे विषय हिवाळी परीक्षेत सुटतीलच, याची खात्री तुला नाही आणि मलाही नाही. पाचांपैकी तीन सुटले तर तू घरी काय करशील? तुझ्याच बेतानुसार पुन्हा गप्प बसशील, उरलेले दोन उन्हाळी परीक्षेत काढायचे ठरवशील आणि तोवर घरच्या हिशेबाने तू तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला असशील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरे, पण ती गावासाठी. जे दागिने गहाण ठेवतात त्यांच्यासाठी नव्हे.

पोळ्याला घरी जाणार आहेस, ही संधी चांगली आहे. फोनवर सांगू नकोस, कारण फोन ठेवल्यावर पलीकडचा माणूस एकटा पडतो आणि त्याच्या मनात काय काय येते ते आपल्याला दिसत नाही. सणाच्या दिवशीही सांगू नकोस. बैलांना सजवायचे, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, आणि वर्षभर राबणाऱ्या घराला मिळालेला तो एक दिवस त्यांचा त्यांना राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांसोबत रानात जा. मामांना किंवा काकांना मध्यस्थ घालावे असे तुला वाटेल. माझे मत त्याविरुद्ध आहे. खोटे ज्यांना सांगितले, त्यांनाच खरे आधी कळले पाहिजे. तेच बाहेरून किंवा भावकीतून कळले, तर विषय राहिल्यापेक्षा ती गोष्ट अधिक लागते. अण्णा हात उगारतील अशी भीती असेल, तरच घरातले एखादे वडीलधारे माणूस सोबत असावे. आईला मात्र त्याच दिवशी, अण्णांनंतर, तू स्वतः सांग. तिला एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल: तिच्या आजारपणामुळे तुझे वर्ष गेले, असे तिच्या मनात येऊ देऊ नकोस. दोन विषय तिच्या ऑपरेशनच्या आधीच राहिले होते, आणि हे तूच तिला सांगितले पाहिजेस.

बोलायला सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल, तर अगदी थोडक्यात कर. ‘अण्णा, माझे पाच विषय राहिलेत. माझं वर्ष गेलं. मी तिसऱ्या वर्षाला नाही. तुम्हाला खोटं सांगितलं, चूक झाली. तुम्ही पाठवलेले ३१ हजार शिल्लक आहेत, खर्चाचा कागद हा आहे, उद्या बँकेत जाऊन भरू.’ एवढे बोलून थांब. प्रास्ताविक नको, प्राध्यापकांच्या तक्रारी नकोत, पेपर कडक तपासले गेल्याची कहाणीही नको. त्यांतल्या काही गोष्टी खऱ्या असतील, पण त्या दिवशी त्या कारणे सांगितल्यासारख्या वाटतील. निकालाचा कागद सोबत ठेव आणि त्यांनी मागितला तर दाखव.

त्यानंतर काय होईल, ते मला सांगता येणार नाही, कारण मी तुझ्या वडिलांना ओळखत नाही. रागावतील, कदाचित खूप रागावतील. कदाचित काहीच बोलणार नाहीत आणि दिवसभर कामात राहतील, आणि ते न बोलणे तुला रागापेक्षा जड जाईल. त्या दिवशी आपली बाजू मांडण्याचा मोह टाळ. पुढच्या वर्षाचा तुझा बेत त्यांनी विचारल्यावरच सांग आणि विचारण्यासाठी त्यांना एखादी रात्र जाऊ दे. एक शक्यता तू धरलेलीच दिसत नाही: त्यांना काहीतरी बिनसले असल्याचा अंदाज आधीच आलेला असू शकतो. मुलाचा आवाज बदललेला आईवडिलांना फोनवरही कळतो. विचारावे की नाही, एवढेच त्यांना कळत नसते. आणि रात्रीची झोप उडाली आहे, मन उदास असते, डॉक्टरांकडे जाऊन आलो किंवा जाणार आहे, हेही त्यांना सांग. विषय राहिल्याचे सांगण्यापेक्षा हे सांगणे अनेक मुलांना कठीण वाटते, विशेषतः वडिलांना. तरी सांग.

(हे सदर वाचणाऱ्या पालकांसाठी एकच वाक्य: मुलगा असे सांगायला आला, तर ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय केले’ ही यादी त्या दिवशी वाचू नका, त्याला ती पाठ असते.)

आता अभ्यासाबद्दल. मी अनेक वर्षे तंत्रनिकेतनात शिकवले आहे आणि डिप्लोमाला ८५-९० टक्के मिळवून पदवीच्या दुसऱ्या वर्षात गडगडणारी हुशार मुले मला नवीन नाहीत. तू ढ झालेला नाहीस आणि इंग्रजी हे मुख्य कारण नाही, जरी तोंडी परीक्षेत ते तुला तसे वाटत असले तरी. तुझ्यासोबत वर्गात बसलेली मुले अकरावी-बारावीचे गणित करून आणि पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू करून आलेली होती. तू त्या दोन्ही पायऱ्या न चढता एम-थ्रीच्या तासाला जाऊन बसलास. डिप्लोमाचे गणित वाईट नसते, परंतु त्याचा उद्देश सूत्र वापरता येण्यापुरता असतो. म्हणून रेषीय विकलक समीकरणे सुरू झाली, की ज्याला आंशिक अपूर्णांक आणि संकलन सहज येत नाही, त्याला फळ्यावरची तिसरी ओळ दुसरीतून कशी आली हेच कळत नाही, आणि प्राध्यापक तर ती पायरी गाळूनच पुढे जातात, कारण इतरांना ती येत असते.

यावरून तुझ्या पाच विषयांकडे पुन्हा पाहा. सॉलिड मेकॅनिक्स, थर्मो, फ्लुइड, कायनेमॅटिक्स यांपैकी एकही विषय तुझ्यासाठी कोरा नाही. डिप्लोमाला तू तुळईचे कर्तनबल आणि नमन आघूर्णाचे आलेख काढले आहेस, बर्नोलीचे समीकरण वापरले आहेस, यंत्रणांचे वेगाचे आलेख काढले आहेस आणि कार्यशाळेत त्या गोष्टी हाताने हाताळल्याही आहेत. बारावीहून आलेल्या मुलांना हे माहीत नसते. अडते कुठे? तुळईचा उतार आणि वाक दुहेरी संकलनाने काढायचा असतो तेथे, आणि प्रवाहाची समीकरणे विकलक रूपात मांडायची असतात तेथे. म्हणजे राहिलेले विषय पाच असले तरी दोन-तीन ठिकाणी खरी उणीव एकच आहे, ती गणिताची. म्हणून घरून परत आल्यावर पहिले तीन-चार आठवडे पाचांपैकी कोणतेही पुस्तक उघडू नकोस. अकरावी-बारावीच्या गणिताची पुस्तके घे, विकलन, संकलन, आंशिक अपूर्णांक आणि संमिश्र संख्या एवढीच प्रकरणे घे आणि रोज गणिते सोडव. वाचू नकोस, सोडव. लाज वाटायचे कारण नाही. तुझ्या वयाच्या मुलाला ती पुस्तके अवघड जात नाहीत, फक्त कोणी हातात दिलेली नसतात. एम-थ्रीमधल्या सांख्यिकी आणि संभाव्यतेला संकलनाची फारशी गरज लागत नाही, त्यामुळे ते भाग याच काळात सोबतीने करता येतील आणि काहीतरी येते आहे, हा धीरही मिळेल.

हिवाळी परीक्षेला पाचही विषय देण्याच्या विरुद्ध मी आहे. तुझी आजची झोप आणि आजचे मन पाहता तीन विषय पुरे. एम-थ्री त्यांत असलेच पाहिजे आणि दुसरे सॉलिड मेकॅनिक्स असावे, कारण दोन्हींचा अभ्यास एकमेकांना लागतो. तिसरा तुला डिप्लोमात सर्वांत आवडलेला घे. उरलेले दोन उन्हाळी परीक्षेत दे. मात्र हे ठरवण्यापूर्वी परीक्षा विभागात जाऊन दोन गोष्टी विचार: कोणत्या सत्राचे विषय कोणत्या परीक्षेत देता येतात, आणि ज्या विषयांची इनसेम बुडाली त्यांची ती पुन्हा देता येते का. दुसरा प्रश्न क्षुल्लक नाही. इनसेमचे तीस गुण हातचे गेले, की उरलेल्या सत्तर गुणांतून चाळीस काढावे लागतात, आणि तसे करू पाहणारा विद्यार्थी अभ्यास करूनही पुन्हा काठावर अडकतो.

तुझे जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षक, कोण आहेत, ते तू लिहिलेले नाहीस. त्यांच्याकडे जा. वायडीच्या मुलांचा अनुभव असा, की वर्ष गेले म्हणजे महाविद्यालयाशी आपले नातेच संपले असे समजून ती फिरकत नाहीत, आणि मग अर्जाच्या तारखा, सूचना, सवलती यांतले काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. सरांना आईच्या ऑपरेशनची कागदपत्रे दाखव. गेलेली इनसेम त्यामुळे परत येईलच असे नाही, परंतु तू तासांना का नव्हतास याची नोंद राहील. एम-थ्रीच्या तासाला यंदाच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसण्याची परवानगीही माग. ज्युनिअर मुलांसोबत बसणे तुला पहिल्या आठवड्यात अपमानाचे वाटेल, पण सकाळी बॅग घेऊन निघाल्यावर खरोखर कुठे तरी जायचे असणे, हीच तुझ्या दिवसाची सध्याची मोठी गरज आहे.

झोपेबद्दल डॉक्टर सांगतील ते प्रमाण. माझ्याकडून एवढेच, की रात्री झोप लागली नाही तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठ, दुपारी झोपू नकोस, मेसची वेळ चुकवू नकोस आणि मोबाइल रात्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव. या गोष्टींनी उदासी जात नाही, परंतु औषधाला आणि उपचाराला त्यांची मदत होते.

खर्चाचे काय करायचे, हा प्रश्न घरी निघेलच. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात डिप्लोमा मेकॅनिकलला काम मिळते आणि कदाचित तुझ्या मनात तेही आले असेल. परंतु या सहा महिन्यांत पूर्ण वेळेची, त्यातही रात्रपाळीची नोकरी धरू नकोस, कारण झोप आणि अभ्यास दोन्ही त्यात जातील. त्यापेक्षा तंत्रनिकेतनाच्या दोन-तीन मुलांना त्यांचे विषय शिकव. मेसचे पैसे सुटतील आणि सॉलिड मेकॅनिक्सचा पायाही त्यातून पक्का होईल. तुझ्या महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ योजना असेल, तर वर्ष गेलेल्या विद्यार्थ्याला तिचा लाभ मिळतो का, ते विचार. शिष्यवृत्ती घेत असशील, तर वर्ष राहिल्यावर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या नूतनीकरणाचे काय करायचे, हेही शिष्यवृत्तीच्या टेबलावर आत्ताच विचारून घे. मुदत टळून गेल्यावर विचारणारे विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात भेटतात. विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था पुण्यात १९५५ पासून खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवत आल्या आहेत. यंदा तिथे जागा मिळेलच असे नाही, परंतु पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची चौकशी करून ठेवायला हरकत नाही.

राहिला प्रश्न एमपीएससीचा. राज्यसेवेला पदवी लागते, हे तुला माहीत असणारच. म्हणजे पदवीला कंटाळून जिकडे जायचे म्हणतोस, तिथल्या दारातही पदवीच मागतात. तुला अभियांत्रिकी खरोखरच नको असेल, तर ती सोडण्यात मी काही पाप मानत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते, आणि ती घेऊन स्पर्धा परीक्षा देणारे कितीतरी जण आहेत. शिवाय तू रिकाम्या हाताचा नाहीस. तुझ्याकडे ८७ टक्क्यांचा डिप्लोमा आहे, आणि कर्मचारी निवड आयोगाची कनिष्ठ अभियंता परीक्षा असो वा रेल्वेतील कनिष्ठ अभियंत्याची भरती असो, तेथे मेकॅनिकलचा डिप्लोमा चालतो. उद्योगांत विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवारीही करता येते. हे सारे मार्ग खरे आहेत. परंतु रात्री तीन वाजता, झोप नसताना, घरी खोटे सांगितलेले असताना घेतलेला ‘सोडून देण्याचा’ निर्णय हा मार्ग निवडण्याचा निर्णय नसतो, तो पळण्याचा असतो, आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत असे पळून आलेले अनेक जण मी पाहिले आहेत. त्यांनी घरी आता वेगळे खोटे सांगितलेले असते. म्हणून हा निर्णय हिवाळी परीक्षेच्या निकालापर्यंत बाजूला ठेव. एम-थ्री सुटल्यावरही नकोसे वाटले, तर शांतपणे सोड आणि अण्णांना विचारून सोड.

अपयशातून मोठ्या झालेल्या थोर माणसांची नावे अशा पत्रांच्या उत्तरांत देण्याची प्रथा आहे. मी ती देत नाही, कारण रात्री साडेतीनला ती नावे कोणाच्या कामी येतात असे मला वाटत नाही. त्याऐवजी नोकरीबद्दलची एक व्यावहारिक गोष्ट सांगते. प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्यांच्या अटींत बहुधा ‘चालू बॅकलॉग नको’ असे असते. जुने, सुटलेले विषय किंवा एक गेलेले वर्ष अनेक ठिकाणी चालते, विचारल्यावर त्याचे कारण मात्र नीट सांगता यावे लागते. रूम पार्टनर पॅकेजच्या गोष्टी करू लागले, की तुला आपली गाडी कायमची चुकली असे वाटते. तसे नाही. ती एक वर्षाने मागे आहे, आणि तुझ्या वयाला एक वर्ष फार नसते, हे मी तुला आज पटवून देऊ शकणार नाही.

रूम पार्टनरांचा विषय निघालाच आहे, तर त्यांनाही सांग; दोघांनाही नाही सांगितले तरी चालेल, ज्याच्यावर विश्वास आहे त्या एकाला सांग, आणि पोळ्याला जाण्याआधीच सांग. घरी बोलण्याची ती रंगीत तालीमही होईल. तुझी वायडी लागल्याचे त्यांना आधीच माहीत असण्याची शक्यता बरीच आहे, कारण महाविद्यालयात अशा याद्या लपत नाहीत.

शेवटी एक तातडीची गोष्ट. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्याची आणि त्यानंतर फेरमूल्यांकनाची मुदत थोडी असते. काठावर राहिलेला एखादा विषय असेल आणि मुदत अजून शिल्लक असेल, तर आजच परीक्षा विभागात जाऊन त्याची छायाप्रत मागव. गुण वाढले तर उत्तमच. नाही वाढले, तरी आपण कोणत्या प्रश्नात कोठे गुण घालवले, हे स्वतःच्या अक्षरात पाहायला मिळते, आणि हिवाळी परीक्षेच्या तयारीसाठी त्याहून चांगला कागद तुला दुसरा मिळणार नाही. समुपदेशकाकडे जाऊन आलास आणि घरी बोललास, की मला पुन्हा लिही. काय झाले ते वाईट असले तरी लिही.